घरचा कॅमेरा : त्याचे गुण व त्याच्या उणिवा

घरांत कॅमेरा घ्यावयाचें ठरलें म्हणजे कोणता घ्यावा, असा वाद घरोघर उपस्थित होतो. वडील मंडळींना स्वस्त व टिकाऊ वस्तु हवी असते. कॉलेजांतील मुलांना भिंगांचे आंकडे तोंडपाठ असतात. आणि घरांतील स्त्रियांचें मत बहुधा कोणी विचारीतच नाहीं. आम्हांस वाटतें कीं, या प्रश्नाचा विचार थोडा उलट बाजूनें करावा. कॅमेऱ्यास जें दिसत नाहीं तें आल्बमांत येत नाहीं; आणि जें आल्बमांत येत नाहीं तें एक-दोन पिढ्यांनंतर कुटुंबाच्या स्मृतींतूनहि नाहींसें होतें. यंत्राची उणीव अशा रीतीनें घराच्या आठवणींतील उणीव होऊन बसते.

गोरेगावांत सध्यां जुन्या चाळी व दोन-तीन मजली इमारती पाडून त्या जागीं उंच इमारती बांधण्याचें काम चालू आहे. सामान हलवितांना माळ्यावरून जुने आल्बम खालीं येतात. ते उघडून पाहावेत. पुढें खुर्च्यांवर वडील मंडळी, मागें उभे मुलगे व सुना, जमिनीवर मांडी घालून बसलेलीं मुलें, अशी रांग अंगणांत भर उन्हांत मांडलेली असते. सर्वांचे डोळे किलकिले. नंतर आरे वसाहतींतील सहलीचीं चित्रें येतात. १९४९ सालीं ही दुग्धवसाहत स्थापन झाली, आणि तेथील छोटा काश्मीर ही बाग पुढें उपनगरांतील कुटुंबांचें आवडतें सहलीचें ठिकाण झालें. तेथेंहि तीच रांग आणि तेंच ऊन. परंतु पहांटे उठून चहाचें आधण ठेवणारी आजी, देवघरांत समई लावणारी आई, दुपारीं लोणच्याच्या कैऱ्या फोडणाऱ्या जावा, बाळंतिणीची खोली, यांपैकीं एकहि चित्र सहसा सांपडत नाहीं. जिच्या हातचें खाऊन सगळें घर वाढलें ती आजी आल्बमांत असते, पण लग्नाच्या रांगेंत, ओळखूं न येण्याइतकी अवघडलेली.

याचा दोष थोडा घरच्या मंडळींकडे आणि पुष्कळसा कॅमेऱ्याकडे जातो. १९०० सालीं अमेरिकेंत कोडॅक कंपनीनें ब्राउनी नांवाचा पेटीवजा कॅमेरा एक डॉलर किंमतीस विक्रीस आणला, आणि छायाचित्रण सामान्य कुटुंबाच्या हातीं आलें. आपल्याकडे हेंच कार्य पुढें आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्यानें केलें. त्याचे गुण मोठे होते. १२० क्रमांकाच्या फिल्मवर बारा चौकोनी चित्रें येत. अंतर मोजावयाचें नाहीं, यंत्रांत बिघडण्यासारखें फारसें कांहीं नाहीं, आणि लहान मुलाच्या हातीं दिला तरी चालेल इतका तो साधा. निगेटिव्ह सुमारें सव्वादोन इंच चौरस असल्यामुळें तिच्यावरून आजहि मोठी प्रत उत्तम निघते. परंतु अशा कॅमेऱ्याचें छिद्र बारीक व उघडझाप ठराविक असे. त्यास भरपूर ऊन हवें. बाहेरच्या उन्हाच्या मानानें स्वयंपाकघरांतील उजेड कित्येक शेंपटींनीं कमी असतो. आपला डोळा आपोआप जुळवून घेतो म्हणून आपणांस तें जाणवत नाहीं. शिवाय फार जवळचा चेहरा पुसट येत असे. म्हणून सर्वांना अंगणांत, उन्हांत आणि सात-आठ फुटांवर उभें राहावें लागे, आणि घराच्या आंतील आयुष्य अंधारांतच राहिलें.

त्यानंतर पस्तीस मिलिमीटर फिल्मचे कॅमेरे आले. एका रोलावर छत्तीस चित्रें, तेजस्वी भिंगें आणि फ्लॅशची सोय, यांमुळें मंडळी घरांत आलीं. परंतु भिंगाला लागूनच बसविलेल्या छोट्या फ्लॅशनें डोळे लाल येत, चेहरे पिठासारखे पांढरे होत, आणि मागची भिंत काळी पडे. १९८० च्या दशकांत हॉट शॉट नांवाचा खिशांत मावणारा स्वस्त कॅमेरा पुष्कळांनीं घेतला. तो वापरावयास अत्यंत सोपा. पण त्याच्या ११० क्रमांकाच्या फिल्मवरील निगेटिव्ह अवघी १३ × १७ मिलिमीटर, म्हणून चित्र मोठें करूं जातां दाणे दिसूं लागत. त्या काळच्या रंगीत प्रतींचे रंगहि आज पुष्कळ घरीं उडाले आहेत, आणि त्यांच्या आधींच्या कृष्णधवल प्रती त्यांच्या शेजारीं ठणठणीत आहेत. सोयीची किंमत कोठें तरी द्यावीच लागते, ती येथें दिसते.

आतां भिंग बदलतां येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याकडे वळूं. अंधुक उजेड, पळतें मूल, दूरचा पक्षी, हें सर्व त्यास साधतें. चित्राच्या गुणाच्या दृष्टीनें घरगुती कॅमेऱ्यांत तोच श्रेष्ठ होय. त्याची उणीव वजनांत आहे. पहिले सहा महिने तो सर्वत्र जातो. मग कपाटांत जातो. आणि मुंबईच्या पावसाळ्यांत कपाट हें त्याचें सर्वांत वाईट स्थान. दमट हवेंत बंद पडून राहिलेल्या भिंगाच्या आंत बुरशी धरते, जाळ्यासारखे तंतू पसरतात, आणि कांचेवरील लेप एकदां खाल्ला गेला कीं साफ करूनहि पूर्ववत् होत नाहीं. कातडी पिशवी ओलावा धरून ठेवते, म्हणून तिच्यांत कॅमेरा मुळींच ठेवूं नये. घट्ट झांकणाच्या पारदर्शक डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा, पुड्या वरचेवर वाळवाव्या, आणि पंधरवड्यांतून एकदां तरी कॅमेरा बाहेर काढून वापरावा.

राहिला मोबाइलमधील कॅमेरा. तो सदैव जवळ असतो, हा त्याचा असा गुण आहे कीं त्यापुढें इतर सर्व गुण फिके पडावेत. त्याचें भिंग चिमुकलें, प्रकाश टिपणारा तुकडा नखाहून लहान. तरीहि एका क्षणांत अनेक चित्रें घेऊन तो तीं आंतल्या आंत एकत्र करतो, आणि समईच्या उजेडांतील चेहराहि दाखवितो. त्याच्या मर्यादा लक्षांत ठेवाव्या. चेहऱ्याच्या अगदीं जवळ धरल्यास नाक मोठें येतें. दोन पावलें मागें सरून चित्र घ्यावें. दूरचें दृश्य बोटांनीं ताणून मोठें केल्यास तपशील वाढत नाहीं; आरेच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला दिसलेला बिबळ्या मोबाइलच्या चित्रांत पिवळट डाग होऊन राहतो तो यामुळेंच. परंतु त्याची खरी उणीव निराळीच आहे. पूर्वी बारा चित्रें काढून बारा जपलीं जात. आज हजारों काढून एकहि कागदावर येत नाहीं. फोन बिघडला, हरवला, किंवा त्याचा परवलीचा शब्द माहीत असलेलें माणूसच गेलें, तर तो सारा ठेवा एकदम बंद होतो. जुन्या कॅमेऱ्यास आजी दिसत नव्हती. नव्यास दिसते, पण तो तिला जपून ठेवीत नाहीं.

यंत्राची शक्ति ओळखून काम कसें करावें, याचें उदाहरण गोरेगावकरांना दूर शोधावयास नको. येथील चित्रनगरी १९७७ सालीं स्थापन झाली, आणि २००१ सालीं तिला ज्यांचें नांव देण्यांत आलें त्या दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. त्यांनीं प्रथम देखावे किंवा नट शोधले नाहींत. घरांत कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा त्यावर रोखून ठराविक अंतरानें एकेक चित्र घेतलें, आणि रोप डोळ्यांदेखत वाढतें आहे असा ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट करून दाखविला. विषय घरांतलाच होता. यंत्रास काय साधेल याची जाण आणि धीर, एवढेंच त्यांचें भांडवल. पुढें ‘राजा हरिश्चंद्र’ च्या वेळीं फिल्म धुण्यापर्यंतच्या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचाहि हात होता, ही गोष्ट घरांतील कॅमेरा केवळ पुरुषांच्या हातीं ठेवणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावी.

तेव्हां आमची सूचना अशी. नवा कॅमेरा घेण्यापूर्वी, आपल्या घरांतील कोणत्या गोष्टीचें एकहि चित्र नाहीं, तें सर्वांनीं बसून ठरवावें आणि त्यास योग्य असें यंत्र निवडावें. पुष्कळदां असें आढळेल कीं हातांतला मोबाइलच पुरेसा आहे. स्वयंपाकघरांत फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडांत, कोपर ओट्यास टेंकवून चित्र घ्यावें. जी व्यक्ति नेहमीं चित्र काढते ती चित्रांत कधींच नसते, म्हणून कॅमेरा सासू, सून, मुलें, सर्वांच्या हातीं फिरता ठेवावा. वर्षअखेर चोवीस चित्रें निवडून कागदावर उतरवून घ्यावीं, प्रत्येकाच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें नांव, नातें, स्थळ व साल लिहावें, आणि एक संच दुसऱ्या भावाच्या किंवा बहिणीच्या घरीं ठेवावा. इमारत सोडतांना निगेटिव्हांचीं पाकिटें रद्दींत देऊं नयेत; आल्बमांतील प्रत फिकी पडली तरी निगेटिव्हवरून नवी निघूं शकते.

आणि आजी हयात असेल तर हें काम सणावारापर्यंत लांबणीवर टाकूं नये. उद्यां सकाळीं ती ओट्यापाशीं उभी असेल. तिला विचारून, तिच्या नेहमींच्या लुगड्यांत, नेहमींच्या कामांत तिचें एक चित्र घ्यावें.