आराखडा आधी, पैसा मागाहून



गेल्या पंधरवड्यात एका भगिनीचे पत्र आले. त्या ग्रामपंचायतीच्या सदस्या आहेत. लिहितात, "गावामागचा डोंगर पार उघडा पडला आहे. विहिरी माघातच तळ दाखवतात. दसरा झाला की पंधरा कोयते गावाबाहेर जातात आणि म्हातारी-पोरे मागे राहतात. डोंगर पुन्हा हिरवा करावा असे आम्हा बायकांच्या मनात आहे. सरपंच म्हणतात, आधी पैसा आणा, मग आराखडा करू. पैसा आणि माहिती मिळते कोठे, ते सांगा."

ताई, सरपंचांना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांचे म्हणणे उलटे आहे असेही सांगा. आराखडा नसलेल्या गावाला पैसा मिळाला तर तो एखाद्या बंधाऱ्यात जातो आणि बंधारा गाळात जातो. एका गावी हे मी डोळ्यांनी पाहिले. ओढ्यावर झकास सिमेंटचा बंधारा झाला, नारळ फुटला, पेढे वाटले. वरच्या उघड्या माळावर मात्र एक चरसुद्धा खोदला नव्हता. तिसऱ्या पावसाळ्यात बंधाऱ्याच्या पोटात पाण्याऐवजी माती होती आणि पोरे तिथे विटीदांडू खेळत होती.

माहितीसाठी फार लांब जावे लागत नाही. गावाचा गटवार नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. गायरान कोणते, वनखात्याची हद्द कोठे, ओढा कोणाच्या बांधावरून जातो, हे त्यावरून कळते. नकाशासोबत गायरानाचा सातबाराही काढा. पुष्कळ गावांत गायरान कागदावर एक आणि शिवारात निराळेच असते. चढउतार कळण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा पाहावा. त्यावर समान उंचीच्या रेषा असतात. रेषा दाटीने आल्या तिथे उतार तीव्र, विरळ तिथे सपाटी. हा नकाशा हल्ली संगणकावरून फुकट उतरवून घेता येतो. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगा, तासाभराचे काम आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्ह्याचे कार्यालय. ही यंत्रणा 1972 साली स्थापन झाली. राज्यातल्या ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर. तुमच्या पाणलोटातली विहीर त्यांच्या यादीत असली तर वर्षानुवर्षांचे आकडे आयते मिळतील. पावसाचे आकडे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून मिळतात. आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात लोक जैवविविधता नोंदवही असेल, ती धूळ झटकून वाचा. 2002 च्या कायद्याप्रमाणे ती व्हायला हवी. डोंगरावर पूर्वी कोणती झाडे, कोणती गवते होती याची नोंद तीत असावी. नीट केलेली नसली तर तुम्हीच करा. गुराखी, धनगर, औषधी मुळ्या ओळखणारी म्हातारी, यांना बरोबर घेऊन डोंगर पायी फिरा. कोणत्या ओढ्याला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असे, हे यांच्याइतके कोणत्याही कार्यालयाला ठाऊक नाही.

आता हिशेब. हा मात्र चुलीजवळ बसून, घरच्या सर्वांनी करावा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी पडले. समजा गावाचे क्षेत्र 800 हेक्टर आणि पाऊस 500 मिलिमीटर. म्हणजे 400 कोटी लिटर. आकडा ऐकून हुरळू नका. यातले पुष्कळसे वाफ होऊन जाते, पुष्कळसे ओढ्याने वाहते, आणि आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात खाली मुरते ते थोडेच. आता खर्च पाहा. 1,500 माणसांना दररोज माणशी 55 लिटर धरले तर वर्षाला सुमारे 3 कोटी लिटर. 600 जनावरांना प्रत्येकी 50 लिटर, म्हणजे आणखी एक कोटीच्या आसपास. सारे गाव आणि सारी जनावरे मिळून वर्षाला 4 कोटी. एक हेक्टर ऊस सुमारे 2 कोटी लिटर पितो. म्हणजे दोन हेक्टर उसाला सबंध गावाइतके पाणी लागते! हा हिशेब चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने असाच पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या. पोपटराव पवार तेथे 1989 साली सरपंच झाले, आणि त्या गावाची वाट तिथून वळली.

कामाचा क्रम माथ्यापासून पायथ्याकडे. वर समतल चर, मग दगडी बांध, मग बांधबंदिस्ती, आणि ओढ्यातले बंधारे सर्वांत शेवटी. समतल रेषा आखायला यंत्र लागत नाही. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी ठोका, शेंड्यापासून दोरीला दगड लोंबता सोडा. चौकट एका जागी उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य हा तुमचा समतल. दोरी त्या मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. आखणीचे काम बायका फार चोख करतात, घाई करीत नाहीत. चरातली माती उताराच्या खालच्या बाजूला टाका आणि त्या भरावावर पावसाच्या तोंडावर बोर, हिवर, पळस, खैर, करवंद यांचे बी टोका. रोपे हवी असतील तर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आधीच मागणी नोंदवा. आणि दोन-तीन वर्षे नुसती चराई थांबवलीत तरी तोडलेल्या बुंध्यांना आपोआप फुटवे येतात. त्याला पैसा लागत नाही.

पैसा लागत नाही हे मी चटकन लिहून गेलो, पण चराईबंदीची किंमत कोणीतरी मोजतेच. ज्याला जमीन नाही, चार शेळ्या आहेत, तो मोजतो. त्याला न विचारता डोंगर बंद केलात तर तो रात्री शेळ्या सोडील, आणि त्यात त्याची चूक नसेल. डोंगराचा एक भाग आज बंद, दुसरा खुला, असे आळीपाळीने करा. कापून नेण्याचे गवत पहिले त्याला द्या. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1970 नंतरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येने दिले, भूमिहीनांचाही हिस्सा धरला, आणि ऊस वर्ज्य केला. हे आधी ठरले होते म्हणून ते काम टिकले.

आता पैशाचे. मजुरीची कामे रोजगार हमीतून होतात. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात ही योजना सुरू झाली, 1977 साली तिचा कायदा झाला, 2005 साली देशभरासाठी केंद्राचा कायदा आला. योजनांची नावे आणि नियम बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचे नियम पंचायत समितीत लेखी मागा. वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातून खर्च होतो, तुमची कामे त्यात यायला हवीत. मृद व जलसंधारण विभाग, तालुका कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यतेसाठी जा. जमीन वनखात्याची असेल तर त्यांच्या परवानगीवाचून कुदळ लावू नका. सामूहिक वनहक्काचा 2006 चा कायदा तुम्हाला लागू पडतो का तेही पाहा. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला त्याखाली 2009 साली हक्क मिळाला.

ताई, ग्रामसभेत जाताना हातात नकाशा, भिंतीवरचा हिशेब आणि गटवार कामांची यादी असू द्या. ठराव तुम्ही वाचा, आणि इतिवृत्तात शब्दशः उतरला का ते तिथेच बसून पाहा. ऊसतोडीला गेलेल्यांच्या सह्या नसतील, म्हणून शक्यतो कोयते बाहेर पडण्यापूर्वीची सभा धरा. तोवर गावातल्या पाच विहिरींना दोरी लावून पातळी मोजून ठेवा, आणि आकडे मला कळवा.