फ्लेक्स लावून मोकळे झालात, लेकराच्या अभ्यासाचं काय?

आपल्या माजलगावात एखाद्या पोराला इंग्लंडचा व्हिसा लागला की दोन गोष्टी लगेच होतात. चौकात फ्लेक्स लागतो आणि कुणातरी नेत्याच्या हस्ते सत्कार होतो. फेटा, शाल, पेढे, "तालुक्याचं नाव सातासमुद्रापार". महिनाभरात फ्लेक्स फाटतो. त्या लेकराचं पुढं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

मी विचारलं. तिकडं गेलेल्या आपल्या भागातल्या चार-पाच पोरांना फोन लावले. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच, "सर, कामावर आहे, नंतर बोलू का?" लायब्ररीत आहे, असं एकानंही सांगितलं नाही. एक जण हसत म्हणाला, "इथलं स्टुडंट लाईफ लई बिझी असतंय सर."

बिझी कशात, ते ऐका. रात्री गोदामात खोकी उचलायची, पहाटे बस पकडून खोलीवर यायचं, दोन तास झोपायचं आणि तांबारलेल्या डोळ्यांनी लेक्चरला बसायचं. न बसून चालत नाही. हजेरी घसरली की विद्यापीठ व्हिसा खात्याला कळवतं. इंग्लंडचं मास्टर्स बहुतेक ठिकाणी एकाच वर्षाचं. पोरगं धड खोली शोधून होईपर्यंत पहिला निबंध द्यायची तारीख येते. आपण पोरांना शिकवलं काय, तर गाईड आणि एकवीस अपेक्षित. तिथं दहा पुस्तकं वाचून स्वतःचं म्हणणं मांडायचं असतं, उतरवून काढलं तर चौकशी लागते. याला डोकं लागतं हे खरंच, पण आधी वेळ लागतो. आणि नेमका तोच वेळ आपण त्याला विकायला लावलाय.

कसा, ते हिशोबानं सांगतो. सेमिनार घेणारा एजंट म्हणतो, "पार्ट टाइम करून सगळं निघतं." काढा कागद. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं होतं. म्हणजे आठवड्याला २४४ पौंड, महिन्याला साधारण हजार-साडेदहाशे. आता तिथल्याच सरकारनं २०२५ च्या सुरुवातीला व्हिसासाठी धरलेला राहण्या-खाण्याचा खर्च बघा. लंडनबाहेर महिन्याला १,१३६ पौंड, लंडनमध्ये १,४८३. म्हणजे रोज काम मिळालं, एकही दिवस आजारी पडलं नाही, तरी पोटापुरतंसुद्धा निघत नाही. फी आणि कर्जाचा हप्ता तर लांबच राहिला. मग पोरगं काय करतं? वीसच्या वर तास रोखीत करतं, कमी पैशात करतं आणि पकडलो तर व्हिसा जाईल या भीतीत करतं.

हे गणित एजंटला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? त्याला बहुतेक वेळा विद्यापीठाकडून प्रत्येक पोरामागं कमिशन मिळतं. पोरगं वर्गात बसलं की त्याचं काम संपलं. ते पास होतं की झोपतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

बीड जिल्ह्याला ही पद्धत नवी नाही राव. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम आधी उचल देतो आणि मग सहा महिने कोयता ती उचल फेडतो. इथंही तेच चाललंय. उचल आधी, अंग नंतर. फरक इतकाच की हा मुकादम टाय घालून एसी हॉलमध्ये बोलतो, आणि उचल बापाच्या नावावर असते.

बापाचं ऐका मग. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते. शेतकऱ्याकडं तारण म्हणजे शेत. पण बहुतेक बँका त्यासाठी शेतजमीन घेत नाहीत, कारण २००२ च्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर बँकेला जप्ती करता येत नाही. नामांकित विद्यापीठ असेल तर काही बँका विनातारणही देतात, पण एजंटनं गळ्यात मारलेलं विद्यापीठ त्या यादीत असेलच असं नाही. मग राहतं काय? घर, प्लॉट, पाहुण्याची जामीनकी, चढ्या व्याजाची खासगी फायनान्स कंपनी, नाहीतर सावकार. मोंढ्यात भेटलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "पोराला फोन केला की मी आधी हप्त्याचंच बोलतो. बोलून झाल्यावर मलाच लाज वाटती." लाज त्यांना का वाटावी? ज्यांनी त्यांना अर्धं गणित सांगितलं, त्यांना वाटायला पाहिजे.

आता काही जण कमेंटमध्ये लिहितील, "आम्हीपण कामं करूनच शिकलो, कष्टानं माणूस घडतो." बरोबर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' याच महाराष्ट्रात रुजवलं. पण तिथं काम शिक्षणाच्या वेळापत्रकात बसवलेलं होतं, शिक्षण कामाच्या उरलेल्या वेळात नव्हतं. रात्रपाळीला कर्मवीरांचं नाव चिकटवू नका.

दुसरं उदाहरण तर आपण दर १४ एप्रिलला देतो. बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. वसतिगृहाचं जेवण मानवलं नाही, मुक्काम बदलावा लागला, शेवटी नवल भथेना या पारशी मित्रासोबत राहिले. परक्या देशात रुळायला त्यांनाही वेळ लागला. पण सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या बळावर त्यांनी अभ्यासात झोकून दिलं. पुढं लंडनला गेले, आणि १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली तर शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी उसने दिले, तेव्हा १९२० ला पुन्हा जाता आलं. १९२३ ला डी.एस्सी. झाले. आपण भाषणात फक्त अठरा तासांचा अभ्यास सांगतो. त्या तासांमागं वेळेवर येणारा पैसा होता आणि तो थांबला तेव्हा बाबासाहेबांचाही अभ्यास थांबला, हे कुणी सांगत नाही.

आज त्याच शाहू महाराजांच्या नावानं सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी वर्षाला ७५ जागा. योजना चांगलीच आहे. पण पैसे उशिरा येतात ही तक्रार तिकडं गेलेल्या पोरांनी वेळोवेळी केलीय. घरमालक शासन निर्णय वाचून भाडं थांबवत नाही. महाराजांचं नाव द्यायचं तर महाराजांसारखं वेळेवर द्या.

"मग पोरांनी जाऊच नये का?" जावं. जरूर जावं. माझं म्हणणं एवढंच की आपण त्याला शिकायला पाठवतोय, तर त्याला शिकायला वेळ मिळेल याची सोय करून पाठवा. नाहीतर हातात कोयत्याऐवजी स्कॅनर दिला, एवढंच होईल.

म्हणून चार गोष्टी. एक, एजंटकडून पूर्ण वर्षाचा खर्च, कामाचे तास आणि मिळकत सहीनिशी लेखी घ्या. लिहून देत नसेल तर उठून या. दोन, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता विमानात बसण्याआधी आणि पुढचे सत्राच्या तारखेला मिळावेत, हे आपल्या आमदार-खासदारांनी सभागृहात मागावं. सत्काराला येता ना, मग हेही करा. तीन, आपल्या कॉलेजांनी जाणाऱ्या पोरांना निबंध लिहायला, संदर्भ द्यायला इथंच शिकवावं. चार, तिकडं असलेल्या पोरांनो, बर्फातले फोटो टाका, पण मागून येणाऱ्याला रात्रपाळीचंही सांगा. खरं सांगितल्यानं तुमची इज्जत जात नाही, त्याचं घर वाचतं.

आणि बापांनो, आज रात्री फोन लावाल तेव्हा हप्त्याच्या आधी एक विचारा, "बाळा, अभ्यासाला टाइम मिळतोय का?" तो गप्प बसला तर समजून घ्या.

पुढचा फ्लेक्स पोरगं पास झाल्यावर लावू. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर खाली लिहा. पण हिशोब मांडून लिहा.