आशीर्वाद हवा, रक्तदाब कोणी मोजायचा?

जानेवारी २०२३ मध्ये ‘पाञ्चजन्य’ व ‘ऑर्गनायझर’ या साप्ताहिकांना दिलेल्या मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी तृतीयपंथीयांविषयी स्वच्छ भूमिका मांडली. हा वर्ग आपल्या समाजात पूर्वापार आहे, त्यांचा पंथ आहे, त्यांची दैवते आहेत, आता त्यांचे महामंडलेश्वरही आहेत. तेव्हा याकडे समस्या म्हणून पाहण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय होता. आपल्यापैकी अनेकांनी ती मुलाखत वाचली, माना डोलावल्या आणि विषय मिटवला. बारशाला आणि दुकानाच्या उद्घाटनाला त्यांचा आशीर्वाद आपल्याला चालतो. पण त्यांच्यातील जी व्यक्ती स्त्री म्हणून जगू इच्छिते आणि त्यासाठी संप्रेरकांची औषधे घेते, तिच्या यकृताचे, रक्तवाहिन्यांचे, हाडांचे आणि मनाचे काय होते, हा प्रश्न आपल्या बैठकांत कधी निघाला आहे काय?

तो काढताच एक ठरावीक उत्तर येते : ‘हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे.’ उत्तर देणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान उघडून पाहावे. षंढादी प्रकारांची चर्चा तेथे वैद्याने वैद्याच्याच भाषेत केली आहे. कामसूत्रात ‘तृतीया प्रकृति’ हा शब्द आहे. या लोकांना जन्मजात गुन्हेगारांच्या पंक्तीत बसवून त्यांची पोलिसी नोंदवही ठेवण्याचा कायदा १८७१ साली इंग्रजांनी केला. तेव्हा तिरस्कार हीच परकी आयात आहे. औषध नवे आहे, हे खरे. पण मधुमेहावरचे इन्सुलिनही परदेशातूनच आले आणि त्याला आपण खूळ म्हणत नाही.

आता मुख्य मुद्दा. वैद्यांचे दार बंद असले की माणूस औषधाच्या दुकानात जातो. तेथे चिठ्ठीवाचून सहज मिळतात त्या संततिनियमनाच्या गोळ्या. माला-डीच्या एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल एस्ट्राडिओल असते. तरुण स्त्रीने दिवसाला एक घ्यावी म्हणून ती बनवली आहे. येथे दोन, तीन, चार अशा घेतल्या जातात, कारण वस्तीतील थोरलीने तसे सांगितलेले असते. याच एथिनिल एस्ट्राडिओलमुळे पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात जाऊन जीव घेतात, हा धोका ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या नोंदींवरून १९८९ पासून पुनःपुन्हा दाखवला. पुढे तेथे हे औषध या उपचारातून काढून टाकले गेले. त्याऐवजी शरीरातील नैसर्गिक संप्रेरकासारखेच असणारे एस्ट्राडिओल गोळी, मलम वा त्वचेवरच्या पट्टीतून देतात. आपल्या वस्त्यांत मात्र तीच जुनी गोळी, आणि सोबत तंबाखू!

जास्त गोळ्यांनी फळ लवकर मिळते, हाही भ्रमच. शरीरातील बदल पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. घाईने वाढतो तो केवळ धोका. पुरुषी संप्रेरक दाबण्यासाठी देतात ते स्पायरोनोलॅक्टोन रक्तातील पोटॅशियम वाढवू शकते आणि रक्तदाब उतरवते. सायप्रोटेरोन दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास मेंदूच्या आवरणावर गाठ होण्याची शक्यता वाढते, म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर निर्बंध घातले. या उपचारात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एक-दोनदा रक्ततपासणी करावी, असा वैद्यकीय संकेत आहे. हे काम अवघड नाही. गर्भवतीच्या तपासण्या आपण गावोगाव करतोच.

याहून उपेक्षित गोष्ट ‘निर्वाण’ झालेल्यांची. वृषण काढल्यावर शरीरात पुरुषी संप्रेरक जवळजवळ उरत नाही. बाहेरून स्त्री संप्रेरकही मिळाले नाही, तर ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होऊ लागतात. म्हणजे गोळ्यांचा अतिरेक घातक, तसेच त्या एकाएकी बंद होणेही घातक. हा तोल अंतःस्रावतज्ज्ञाने सांभाळायचा, की वस्तीतल्या दाईने?

मनाचे दुखणे वेगळे. योग्य उपचाराने अनेकींची आतली तगमग शमते. परंतु बापाने घराबाहेर काढल्याचे दुःख कोणत्याही गोळीने जात नाही. मध्यमवर्गीय घरांतून एक इलाज सर्रास योजला जातो : ‘लग्न लावून द्या, सुधारेल.’ सुधारत नाही. उलट दुसऱ्याच्या निरपराध मुलीचा संसार मातीस मिळतो. अशा व्यक्तीला ‘बदलण्याचे’ उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले. हे आईबापांना कोण सांगणार?

तथाकथित पुरोगाम्यांनी काय दिवे लावले, तेही पाहू. एड्स नियंत्रणाच्या निधीवर चाललेल्या संस्थांनी या वर्गाला वर्षानुवर्षे ‘अतिजोखमीचा गट’ म्हणूनच ओळखले. निरोध वाटले, एचआयव्ही तपासला, आकडे वर पाठवले. त्या कामाने जीव वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण त्याच बाईचा रक्तदाब, तिचे यकृत, तिची झोप यांना त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

ब्रिटनचा दाखला देणारेही भेटतात. तेथे २०२४ साली जो वाद झाला आणि औषधांवर बंदी आली, तो अज्ञान मुलांच्या यौवनरोधक औषधांचा होता. मुलांच्या बाबतीत सावधगिरी हवी, हे आम्हीही म्हणतो. तो निर्णय दाखवून तीस वर्षांच्या प्रौढ व्यक्तीला दवाखान्यातून परत पाठवणे, याला मात्र सावधगिरी म्हणत नाहीत.

संसदेने २०१९ साली केलेल्या कायद्याच्या १५ व्या कलमात संप्रेरक उपचार आणि समुपदेशन यांची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या विमासंरक्षणाचा करार झाला. सरकार आपल्या विचारांचे आहे, म्हणून ‘तालुक्याला तज्ज्ञ कोठे आहे?’ हा प्रश्न विचारायचा नाही काय?

आणि सरकारची वाट तरी कशाला पाहायची? आपल्या विचारांचे कितीतरी डॉक्टर शहरोशहरी आहेत, सेवावस्त्यांत दवाखाने आहेत. तेथे आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी. दारावरच्या सेवकाने ‘ताई, बसा’ म्हणावे. डॉक्टरांनी आधी रक्तदाब घ्यावा, कोणती गोळी किती घेता ते न रागावता विचारावे, आणि चिठ्ठीवर तिने सांगितलेले नाव लिहावे.