लाईटचा बोर्ड कुणाच्या हातात द्यायचा?



गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातला एक प्रसंग आधी सांगते. सातवीच्या मुलांनी पावनखिंडीचं नाटुकलं बसवलं होतं. पावनखिंड आमच्याच शाहूवाडी तालुक्यातली. त्यामुळे १६६० सालची ती गोष्ट आमच्या मुलांना नुसती पुस्तकातली वाटत नाही. महिनाभर तालीम झाली. भाले वेळूचे, ढाली पुठ्ठ्याच्या, पालखी एका पालकांनी करून दिलेली. शेवटचा प्रसंग असा, की बाजीप्रभू कोसळतात, विशाळगडावरून तोफांचा आवाज येतो आणि रंगमंचावर हळूहळू अंधार होतो.

लाईट भाड्याचे होते. लाईटवाल्याने बोर्ड आवाजावर चालणाऱ्या ऑटो मोडला टाकला आणि तो चहाला गेला. आम्ही स्पीकरवर तोफ वाजवली आणि त्याच क्षणी गुलाबी, हिरवे, निळे लाईट गरागरा नाचायला लागले. मशीनचं काही चुकलं नव्हतं. मोठा आवाज आला की नाच, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. पण लोक हसले. बाजी झालेला मुलगा तसाच पडून राहिला. पडदा पडल्यावर त्याने मला विचारलं, "बाई, लोक का हसले? माझं काय चुकलं?"

हा प्रश्न वर्षभर डोक्यातून गेला नाही.

यंदा गावच्या मुंबईकर मंडळींनी शाळेच्या रंगमंचासाठी पैसे जमवले. भाड्याचे लाईट नकोत, शाळेचे स्वतःचे घ्या, असं त्यांचं म्हणणं. शाळा व्यवस्थापन समितीपुढे दोन कोटेशनं आली. पहिल्यात चार शार्पी (गरागरा फिरणारे, झोत टाकणारे लाईट), धुराचं मशीन आणि शेकडो बटणांचा मोठा कन्सोल. दुसऱ्यात आठ साधे एलईडी पार लाईट आणि छोटा फेडरचा बोर्ड. एक सदस्य म्हणाले, "म्याडम, एकदाच घ्यायचं हाय तर चांगलं भारीतलं घ्या की. तालुक्यात नाव झालं पायजे." त्यांची तळमळ खरी आहे. असे पैसे शाळेला दहा वर्षांत एकदा मिळतात. म्हणूनच मला वाटतं, की बोर्ड निवडताना किती चॅनेल, किती इफेक्ट हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न एकच : तो चालवणार कोण?

बोर्ड करतो तरी काय?

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोर्ड स्वतः उजेड देत नाही, तो फक्त निरोप पाठवतो. कुठल्या लाईटने किती उजळायचं, हा आकडा वायरीतून जातो. या निरोपाच्या भाषेला डीएमएक्स ५१२ म्हणतात. अमेरिकेतल्या रंगमंच तंत्रज्ञांच्या संस्थेने ती १९८६ साली ठरवली आणि आज जगभर तीच चालते. एका वायरीतून ५१२ चॅनेलचे निरोप जातात आणि प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ मधला एक आकडा मिळतो. ० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण उजेड.

रंगीत एलईडी लाईटला चार चॅनेल लागतात असं धरा : लाल, हिरवा, निळा, पांढरा. प्रत्येक लाईटला पत्ता द्यावा लागतो. पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ५, तिसऱ्याचा ९. मग आठव्याचा किती? मी हे सहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं आणि दोन मिनिटांत उत्तर आलं, २९. संख्यामालिकेचं इतकं कामाचं उदाहरण मला एरवी सुचलं नसतं. दोन लाईटना एकच पत्ता दिला तर दोन्ही एकसारखे वागतात, हेही मुलांनीच शोधून काढलं. "बाई, जुळ्यांसारखं!"

दोन बोर्ड, दोन स्वभाव

बाजारात सहज मिळणारा स्वस्त बोर्ड म्हणजे १९२ चॅनेलचा. तो दहा हजारांच्या आत येतो. त्यावर १२ लाईटची १२ बटणं, प्रत्येकाला १६ चॅनेल, आणि आधी साठवून ठेवलेले २४० सीन. ऐकायला भरपूर वाटतं. मी गावातल्या गणेश मंडळाकडून असा बोर्ड दोन दिवस मागून आणला आणि मुलांपुढे ठेवला. रंग बदलणं त्यांना लगेच जमलं. पण मी म्हटलं, "आता सगळा उजेड सावकाश कमी करा," तेव्हा सगळे अडकले. त्या बोर्डावर सगळे लाईट एकदम हाताने खाली आणणारा मास्टर फेडरच नव्हता. आधी लाईट निवडा, मग पान निवडा, मग फेडर हलवा. नाहीतर ब्लॅकआउटचं बटण दाबा, की एका क्षणात गुडुप्प. हा बोर्ड वाईट नाही, पण तो बनवलाय नाचगाण्यासाठी. त्याचं काम चमकवणं.

दुसरा प्रकार नाटकाचा. त्यात फेडरच्या दोन रांगा असतात, वर १२ आणि खाली १२. वरच्या रांगेत आत्ताचा प्रसंग चालू असतो, खालच्या रांगेत पुढच्या प्रसंगाचा उजेड आधीच लावून ठेवायचा. वेळ आली की एक दांडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवायची. रात्र सरते आणि पहाट उजाडते. शिवाय सगळ्यांवर एक मास्टर फेडर. आठ लाईटचे तीन गट केले (चार समोरून चेहऱ्यावर, दोन बाजूंनी, दोन मागून) आणि प्रत्येक गटाला चार चॅनेल दिले, की झाले बारा. गट, फेडर आणि प्रत्यक्ष उजेड यांचं नातं मुलांना डोळ्यांनी दिसतं. कुठलंही पान उलटावं लागत नाही.

असा बोर्ड १९२ वाल्यापेक्षा थोडा महाग पडतो, तरी माझं मत याच बोर्डाला आहे. आठवणीत २४० सीन ठेवणाऱ्या यंत्रापेक्षा मुलांच्या आठवणीत वीस सीन ठेवणारं यंत्र शाळेला जास्त उपयोगी.

चेहरा दिसला पाहिजे

पालक स्नेहसंमेलनाला कशासाठी येतात? आपलं मूल बघायला. मग पहिला पैसा चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडासाठी खर्च व्हायला हवा. समोरून, पण थोडे तिरपे, उजवीकडून आणि डावीकडून असे लाईट लावले की नाक-डोळे नीट दिसतात आणि सावल्या फार कडक पडत नाहीत. सहावीच्या सामान्य विज्ञानात 'प्रकाश व छायानिर्मिती' हा पाठ आहेच. तो रंगमंचावर उभं राहून शिकवून बघा. लाल आणि हिरवा उजेड मिळून पिवळा होतो हे पुस्तकात सांगून पटत नाही. रंगपेटीत तर तसं होत नाही! पांढऱ्या भिंतीवर दोन फेडर वर केले, की वर्गभर एकच "आँ?" होतं.

प्रभावी प्रकाशयोजनेला अवाढव्य यंत्र लागतं, हाही एक गैरसमज. भारतातले नामवंत प्रकाशयोजनाकार तापस सेन (१९२४–२००६) यांनी उत्पल दत्तांच्या 'अंगार' या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरत चालल्याचा भास उजेडाने उभा केला होता. साल १९५९. तेव्हा संगणकावर चालणारे कन्सोल नव्हते. त्याआधी तर आपली संगीत नाटकं गॅसबत्त्यांच्या उजेडात रात्र रात्र रंगली. माणूस विचार करत होता म्हणून उजेड बोलत होता.

विजेचा हिशेब आधी

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुने हॅलोजन पार लाईट एकेक हजार वॅटचे असतात. तसे आठ लावले तर ८००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ३५ अँपिअर. आमच्या शाळेच्या वायरिंगला हे झेपणारच नाही. एलईडीचा एक लाईट १५० वॅटचा धरला तरी आठ मिळून १२०० वॅट, म्हणजे साधारण सव्वापाच अँपिअर. भागाकार सोपा आहे, पाचवी-सहावीच्या मुलांकडून करून घ्या. मात्र अर्थिंग, वेगळा एमसीबी आणि वायरची जाडी हे काम परवानाधारक वायरमनकडूनच. तिथे मुलंही नकोत आणि आपणही नकोत.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं ते पॅलेस थिएटर. संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री हे व्हावं, याची हळहळ अजून जात नाही. त्या रात्रीनंतर मी आमच्या शाळेचा रंगमंच नव्या नजरेने बघायला लागले. पडद्याला टेकलेली वायर, एकाच बोर्डातून काढलेली तीन कनेक्शनं, सेलोटेपने गुंडाळलेला जोड. शंभर वर्षांचं नाट्यगृह एका रात्रीत जात असेल, तर आपल्या पत्र्याच्या रंगमंचाची काय कथा? म्हणून समितीला माझी विनंती आहे, की शार्पीचे पैसे आधी वायरिंगला द्या. त्यावर नाव कोरता येणार नाही हे मला कळतं. पण ते काम दिसत नाही, तेच चांगलं काम.

"पोरं मोडतील की!"

हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. पण प्रयोगशाळेचं कपाट कुलूपबंद ठेवून साहित्य जसं वीस वर्षं 'नवं' राहतं, तसा बोर्ड नवा ठेवून काय करायचा? मोठा कन्सोल घेतला तर तो चालवायला दरवर्षी बाहेरून माणूस बोलवावा लागेल. म्हणजे यंत्र शाळेचं, पण पुन्हा भाडं सुरूच.

दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, बदली. आज मी आहे, उद्या नसेन. संगणक शिकवणारे सर बदलून गेले आणि खोलीला कुलूप लागलं, असं आपण कितीतरी ठिकाणी पाहिलंय. बोर्डाचं तसं होऊ द्यायचं नसेल, तर तो एका शिक्षकाच्या डोक्यात असून चालणार नाही. फेडरखाली मराठीत पट्ट्या चिकटवा : 'समोर लाल', 'समोर पांढरा', 'मागे निळा'. एक वही ठेवा. सातवीच्या मुलांनी सहावीच्यांना शिकवायचं आणि शाळा सोडताना वही त्यांच्या हाती द्यायची. गुरुजी बदलले तरी सहावीचा वर्ग दरवर्षी असतोच.

राहिला प्रश्न हौसेचा. कोळीगीताला किंवा लेझीमला रंग बदलायला हवेत, माझा विरोध नाही. त्यासाठी हेच आठ लाईट पुरतात. आणि कधी एखाद्या मोठ्या प्रसंगी शार्पी हवेच असतील, तर एका रात्रीपुरते भाड्याने आणता येतात.

जे मी पाहिलं

गणपती मंडळाचा बोर्ड परत केल्यावर एका नाट्यवेड्या स्नेह्याने त्याचा जुना दोन रांगांचा बोर्ड आणि तीन लाईट दोन दिवसांसाठी दिले. आम्ही पावनखिंडीचा शेवटचा प्रसंग पुन्हा केला. गेल्या वर्षीची मुलं हायस्कूलला गेली, हे यंदाचे सातवीचे. बोर्डावर एक मुलगी बसली. वर्गात प्रकट वाचनालाही उभी न राहणारी. तिने वहीत स्वतः लिहिलं होतं : 'बाजी पडले – थांबायचं. तोफ – थांबायचं. मग दहा अंक मोजत मास्टर खाली.'

तोफ वाजली. मी मागून म्हटलं, "आण खाली." तिने मान हलवली, नाही म्हणून. फेडरवरचं बोट हललं नाही. शेवटच्या तोफेचा आवाज पूर्ण विरल्यावर ती ओठातल्या ओठात मोजायला लागली, आणि दहाव्या अंकाला अंधार झाला. कुणी हसलं नाही. थोडा वेळ कुणी टाळीही वाजवली नाही.

नंतर मी तिला विचारलं, "मी सांगितलं तेव्हा का नाही आणलास?" ती म्हणाली, "बाई, तोफा ऐकू येईपर्यंतच बाजी थांबले होते ना? मग त्यांना त्या नीट ऐकू नको का यायला?"

इतिहासाचा हा पाठ मी आजवर अनेकदा शिकवलाय. त्या मुलीइतका मला तो कळला नव्हता.

समितीची बैठक येत्या शनिवारी आहे. माझं मत मी वर मांडलंय आणि बैठकीतही हेच मांडणार आहे. निर्णय काय होईल ते आज सांगता येत नाही. तुमच्या शाळेत रंगमंचाचे लाईट कोण चालवतं? मुलं चालवत असतील तर तुम्ही सुरुवात कशी केली, आणि काय मोडलं तेही मोकळेपणाने लिहा. शनिवारच्या आत लिहिलंत, तर बैठकीत वाचून दाखवीन.