हळदीचे श्रेय मिळाले, हिशेब उरला

जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. सीएसआयआरने आव्हान देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवले. परंपरेवरील हक्क आपण राखला. परंतु हळद शरीरात कितपत पोहोचते, हा प्रश्न धोरणाच्या परिघाबाहेरच राहिला.

हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि शोषले गेलेले अल्प प्रमाणही यकृत झपाट्याने निकामी करते. तूप-तेलात औषधी सिद्ध करणाऱ्या वैद्यांना स्निग्ध माध्यमाचे मोल ठाऊक होते. आजचे औषधशास्त्र फॉस्फोलिपिड, सायक्लोडेक्स्ट्रिन व अतिसूक्ष्म कण यांच्या साहाय्याने तेच साधू पाहते. विघटन रोखण्याचा मार्ग वेगळा. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील पायपरिन केवळ २० मिलिग्रॅम दिल्यास माणसांतील जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते.

हे यश निरपवाद नाही. जे द्रव्य अधिक शोषले जाते, ते अपायही अधिक करू शकते. शिवाय पायपरिन अन्य औषधांचेही विघटन मंदावते. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरकांनंतर यकृतदाहाचे रुग्ण आढळले, तेव्हा तेथील शासनाने वेष्टनावर इशारा सक्तीचा केला.

आपल्याकडे एकच कर्क्युमिन आयुर्वेदिक औषध म्हणूनही विकले जाते आणि अन्नपूरक म्हणूनही. वनस्पतिजन्य औषधांसाठी २०१५ मध्ये निर्माण केलेला, चाचण्यांची अट असलेला तिसरा मार्ग खडतर आहे. सोपी दारे उघडी असताना त्या वाटेने कोण जाईल?

माझ्या मते निकष परंपरेचा नव्हे, बदललेल्या शोषणाचा असावा. ग्रंथोक्त पाठाप्रमाणे बनवलेल्या चूर्णाला सवलत जरूर राहावी. शेकडो वर्षांचा अनुभव त्याच रूपाचा आहे. मात्र ज्या उत्पादनाचा दावाच ‘अनेक पट शोषणा’चा आहे, त्याला तो अनुभव उसना घेता येणार नाही. अशा उत्पादकाने मानवी रक्तातील प्रमाणाची व सुरक्षिततेची माहिती सादर करावी आणि अन्य औषधांबरोबर घेण्याबाबतचा इशारा वेष्टनावर छापावा. लहान उत्पादकांना हा भार पेलवणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून या चाचण्या सरकारी प्रयोगशाळांनी माफक शुल्कात कराव्यात.

पेटंटच्या लढाईत आपण जगापुढे पुरावा मांडला होता. आता तो स्वतःकडे मागण्याची वेळ आहे.