तांत्रिक कट्टा: बॅटरी म्हातारी, लॅपटॉप नव्हे



नाशिकहून बाबांचा फोन: "लॅपटॉप चार्जच होत नाही. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या." नातीचं तोंड दर रविवारी त्यावरच दिसतं, म्हणून फोनवरूनच तपासणी केली.

पहिला प्रश्न: टचपॅड वर आलंय का? तसं असेल तर बॅटरी फुगलेली. चार्जिंग लगेच बंद, दाबायचं-टोचायचं नाही. तसं नव्हतं.

मग चार्जर. लागतो ६५ वॉटचा, बाबांनी शेजाऱ्यांचा ४५ वॉटचा लावलेला! मूळचा लावल्यावर चार्जिंग सुरू, पण बॅटरी पाऊण तासात खलास.

शेवटी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट'. डिझाइन कपॅसिटी ५०,००० मिलिवॉट-अवर, फुल चार्ज कपॅसिटी १९,०००. झालं निदान!

नवी बॅटरी घेताना नुसतं लॅपटॉपचं मॉडेल बघू नका. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा. मी इथूनच घेतली, पुढच्या महिन्यात नेतोय. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही. केबिन बॅगेत, टोकं झाकून न्यायची. १०० वॉट-अवरच्या वर असेल तर एअरलाइनची परवानगी लागते.

बाबांना सांगितलंय, तोवर प्लग लावूनच बोला. रविवार चुकवायचा नाही.