‘कुणीही लिहावं’, पण बाईनं केव्हा?

करी रोड स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर दर मंगळवारी दुपारी आमच्या गटाची बैठक असते. दोन ते चार. ही वेळ बायकांनीच ठरवलेली आहे. दोनच्या आधी जेवणं आणि भांडी आटपत नाहीत, चारनंतर मुलं घरी येतात. या दोन तासांत रेशनकार्डापासून नवऱ्याच्या मारहाणीपर्यंत सगळं बोललं जातं. गेल्या पावसाळ्यात मात्र एक वेगळीच तक्रार आली.

गटातल्या एका मैत्रिणीनं उन्हाळ्यात मालवणी मसाल्याचा व्हिडिओ केला होता. लालबागला जाऊन मिरच्या कशा पारखून घ्यायच्या, त्या वाळवायच्या किती, धणे किती भाजायचे, डंकावर कुटून घेताना कशाकडे लक्ष ठेवायचं, असं सगळं. सासूकडून शिकलेलं आणि स्वतः वीस वर्षं करून पाहिलेलं. मुलीनं फोन धरला आणि एका ॲपवर टाकून दिलं. दोन महिन्यांनी तोच व्हिडिओ दुसऱ्याच कुणाच्या नावानं फिरताना तिच्या भाचीला दिसला. तिचा आवाज काढून वर गाणं लावलेलं. हात मात्र तिचेच, हिरव्या बांगड्यांसकट! तिनं तक्रार नोंदवली, उत्तर आलं नाही. घरी नवरा म्हणाला, “तुला कुणी सांगितलं होतं जगाला दाखवायला?”

बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, टाकायचंच नाही काही, डोक्याला ताप नको. बाकीच्या म्हणाल्या, मग आपण काय फक्त दुसऱ्यांचं बघत बसायचं? मी त्या दिवशी काही बोलले नाही. घरी येताना मात्र वाटलं, हा प्रश्न एका व्हिडिओचा नाही. बाईनं तयार केलेल्या ज्ञानावर नाव कुणाचं, हा तो जुनाच प्रश्न आहे. आता तो फोनमध्ये शिरला आहे इतकंच.

मैत्रिणींनो, इंटरनेटबद्दल आपल्याला सांगितलं जातं की इथं वाचणाराच लिहिणारा होतो. संपादकाची परवानगी नको, प्रकाशक नको, छपाईचा खर्च नको. हे खोटं नाही. मराठीत याची सुरुवात तशी लवकर झाली. घरापासून दूर परदेशात गेलेल्या मराठी माणसांनी १९९६ साली ‘मायबोली’ सुरू केलं आणि तिथं लोक आपलं लेखन, आपल्या पाककृती, आपल्या अडचणी एकमेकांना सांगू लागले. इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये आला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. हा असा ज्ञानकोश की जो कुणीही लिहावा, कुणीही दुरुस्त करावा आणि कुणीही फुकट वाचावा.

पण इथं एक फरक समजून घेतला पाहिजे. ज्या ॲपवर आपण रील टाकतो ते कंपनीचं अंगण आहे. तिथं आपण रांगोळी काढायची, येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघायची आणि जाहिरातीचा पैसा मुख्यतः अंगणवाल्यानं मोजायचा. उद्या त्यानं फाटक लावलं तर रांगोळीही गेली. विकिपीडिया हे त्या मानानं गावकीचं पाणवठ्यासारखं ठिकाण आहे. तिथं जाहिरात नाही, कुणी मालक म्हणून नफा काढत नाही. कुठल्या दिवशी कुणी कोणता शब्द घातला आणि कुणी काढला याची नोंद प्रत्येक पानाच्या इतिहासात राहते. शाळेतली मुलं, वार्ताहर, सरकारी कारकून, आता तर यंत्राकडून उत्तरं मिळवणारेही, सगळे घोटभर पाणी तिथूनच पितात. म्हणून तिथं काय लिहिलं आहे आणि काय नाही याला महत्त्व आहे.

आणि नेमक्या याच पाणवठ्यावर बायका कमी आहेत. रीलच्या अंगणात बायकांची गर्दी, आणि जिथं टिकाऊ ज्ञान लिहिलं जातं तिथं तुरळक. विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेनं २०११ साली केलेल्या पाहणीत लिहिणाऱ्या दर शंभर माणसांत बायका दहासुद्धा निघाल्या नाहीत. पुढे आकडा थोडा वाढला, पण निम्म्याच्या जवळपासही गेलेला नाही. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत आजही साधारण पाचातलं एकच बाईचं आहे.

असं का? बायकांना रस नाही म्हणून? मी समाजकार्याच्या अभ्यासक्रमात शिकले ते असं की, माणूस दारातून आत का येत नाही हे विचारण्याआधी उंबरठा किती उंच आहे ते मोजावं. तर मोजू या.

पहिला उंबरठा वेळेचा. सरकारच्याच २०२४च्या वेळवापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची जातात ८८ मिनिटं. विकिपीडियावरचं लेखन हे बिनपैशाचं काम आहे. बिनपैशाचं काम आधीच पावणेपाच तास केलेल्या बाईला आपण आणखी एक फुकटचं काम सांगणार, हे आधी कबूल करू या.

दुसरा उंबरठा फोनचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका देशात शंभरात ३३, पुरुष ५७. आमच्या गटातल्या कितीतरी जणींचा फोन खरं तर घराचा फोन आहे. संध्याकाळी तो मुलाच्या अभ्यासाला जातो आणि रात्री नवरा उघडून बघतो.

तिसरा भीतीचा. नाव आणि चेहरा दिसला की खाली काय काय लिहिलं जातं ते तुम्हांला ठाऊक आहे. विकिपीडियावर टोपणनावानं लिहिता येतं. फोटो लागत नाही, खरं नाव लागत नाही. ही गोष्ट गटात सांगितली तेव्हा तीनचार चेहऱ्यांवर पहिल्यांदा हसू दिसलं.

पण चौथा उंबरठा आम्हांला लिहायला बसल्यावरच कळला आणि तो सगळ्यांत उंच आहे.

झालं असं की, आम्ही ठरवलं, आपल्याच वस्तीपासून सुरुवात करायची. गिरणगावाबद्दल लिहिलं जातं तेव्हा भोंगा येतो, १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप येतो, दत्ता सामंत येतात, गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले मॉल आणि टॉवर येतात. बाई येते ती संपकऱ्याची बायको म्हणून. वास्तविक १९२०च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. वाइंडिंग आणि रिलिंग ही खाती बायकांची, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी बाई म्हणजे नायकीण. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला. त्यानंतरच्या काळात गिरण्यांमधल्या बायका हळूहळू कमीच होत गेल्या. यंत्रं बदलली, खाती आक्रसली आणि बाईला ठेवणं मालकाला महाग वाटू लागलं. गिरणीबाहेर पडलेल्या आणि कधी गिरणीत न गेलेल्या कितीतरी बायकांनी खानावळी चालवल्या. एकेका खोलीत दहादहा, वीसवीस कामगारांचा डबा. कामगाराचा पगार थकला की सावकाराच्या दारात जायची ती खानावळवाली. याच बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांच्यासाठी बँकांचं कर्ज मिळवलं.

आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढं. आईबरोबर लहानपणी गिरणीच्या फाटकाशी गेलेल्या आणि पुढं स्वतः पंधरा माणसांची खानावळ चालवलेल्या. त्यांना खाली आणलं. आधी म्हणाल्या, “काय गो ताई, माझं काय लिहायचंय त्यात? भाकऱ्याच तर थापल्या.” मग बोलायला लागल्या त्या दीड तास. पाळी बदलली की जेवणाची वेळ कशी बदलायची, कुणाचे पैसे बुडाले, संपात दहा जण गावाला निघून गेले तेव्हा पितळेची भांडी कशी गहाण टाकली, सगळं. नातीनं फोनवर टिपलं. आम्ही सगळ्या गप्प होऊन ऐकत होतो.

आणि लिहायला बसलो तर पहिल्याच वाक्याला अडलो. विकिपीडियाचा नियम असा की, आधी कुठं तरी प्रकाशित झालेलं असेल तेच लिहायचं आणि त्याचा आधार द्यायचा. आजींचा आधार काय? आजीच. तो चालत नाही.

गटातल्या एकीनं चिडून विचारलं, “म्हणजे पुरुषांनी छापलं तरच आम्ही खऱ्या?” नियमाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. हा नियम नसता तर आपल्या फोनवर रोज येणाऱ्या अफवा ज्ञानकोशात जाऊन बसल्या असत्या. नियम वाईट नाही. पण छापण्याची सत्ता शतकानुशतकं ज्यांच्या हातात होती, त्यांच्याच बाजूनं तो झुकणार हेही उघड आहे. करी रोडच्या आजींचंच कशाला! डॉना स्ट्रिकलंड या कॅनडाच्या शास्त्रज्ञ बाईंवरचा लेख इंग्रजी विकिपीडियावर मे २०१८ मध्ये आधार पुरेसे नाहीत म्हणून नाकारला गेला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, तेव्हा कुठं पान झालं. नोबेल मिळवणारीची ही कथा, तर भाकऱ्या थापणारीची काय असणार?

या नियमाला प्रश्न विचारणारे आहेत. अचल प्रभला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली केरळात आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन, लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तेच आधार म्हणून वापरण्याचा प्रयोग केला. प्रयोग गाजला, पण सर्वसाधारण नियम झाला नाही.

आपल्याकडेही एक मोठा वस्तुपाठ आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘परी’ या संकेतस्थळानं २०१७पासून त्या लोकांसमोर आणल्या, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यांसह. मला यातलं ‘नाव आणि गाव यांसह’ हे सगळ्यांत मोलाचं वाटतं. ओवी म्हणजे तरी काय? एकीनं रचली, दुसरीनं उचलली, तिसरीनं आपलं दुःख त्यात घातलं. सगळ्यांनी मिळून घडवलेलं आणि वाटून घेतलेलं ज्ञान काही इंटरनेटनं शोधून काढलेलं नाही. फक्त आपल्या आज्यापणज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपण टाकणं बंद करायचं नाही, पण फक्त टाकत राहूनही चालणार नाही. आपण आपला आधार स्वतः तयार केला पाहिजे. आणि तो तयार करण्याचं साधन आपल्या हातात आहे, हे तुम्ही वाचताय ते त्रैमासिक! यात नाव, गाव, तारीख घालून, नीट तपासून, संपादन करून छापलेलं अनुभवकथन म्हणजे प्रकाशित आधार. त्यावर वाद होऊ शकतो, पण वाद घालायला तरी काही असेल. तारीख आणि पानक्रमांक दाखवता येईल. गिरणगावच्या कामगार बायकांत काम केलेल्या उषाताई डांगे यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं होतं ‘पण ऐकतं कोण?’ त्यांनी विचारलं आणि छापलंही, म्हणून आज मी त्यांचा दाखला देऊ शकते.

दर अंकाची चार पानं यासाठी राखावीत असं मी संपादक मंडळाला सुचवते. खानावळवाल्या, वाइंडिंगवाल्या, मसाला कुटणाऱ्या, पापड लाटणाऱ्या. मराठी विकिपीडियावर महिला दिनाच्या निमित्तानं बायकांसाठी लेखन-कार्यशाळा झालेल्या आहेत. तशी एक आपल्या प्रत्येक गटात व्हावी, पण दुपारी दोन ते चार.

एक सावधगिरी मात्र कार्यकर्ती म्हणून सांगितलीच पाहिजे. मुक्त परवान्यावर एकदा दिलेला मजकूर किंवा फोटो परत घेता येत नाही. नाव देऊन कुणीही तो वापरू शकतो, अगदी धंद्यासाठीसुद्धा. हे बाईला तिच्या भाषेत समजावून सांगायचं, दोनदा विचारायचं आणि तिनं नाही म्हटलं तर तिथंच थांबायचं. मारहाणीच्या, कोर्टकचेरीच्या कहाण्या तर तिथं न्यायच्याच नाहीत. आपल्या फायलीतला विश्वास हा कुणाच्याही ज्ञानकोशापेक्षा मोठा आहे.

मसालेवाल्या मैत्रिणीनं परवा वही आणली. मिरच्यांचे प्रकार, वजनं, भाजण्याचा क्रम, आणि पहिल्या ओळीत तिच्या सासूचं पूर्ण नाव. म्हणाली, “आता हे आधी छापा, मग बघते कोण चोरतो.” आजींची मुलाखतही उतरवून झाली आहे. त्यांनी ती वाचून घेऊन दोन ठिकाणी आम्हांला सुधारलं. पुढच्या अंकासाठी दोन्ही पाठवते आहे.

तुमच्या चाळीत, वाडीत, गावात अशी कोण आहे? तिच्याकडे या महिन्यातच जा. आमच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत.